ऊब : शब्द, अर्थ आणि पांघरूण

स्मरणिका कोणत्याही निवासी शाळेची असो, तिच्या पानांवर 'मायेची ऊब' हा शब्दप्रयोग आढळल्यावाचून राहत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत तो असतो, पालकांच्या मनोगतात असतो, पाहुण्यांच्या शुभसंदेशात तर असतोच असतो. इतक्या हातांतून गेलेला शब्द जुन्या नाण्यासारखा गुळगुळीत होतो आणि त्यावरची अक्षरे वाचेनाशी होतात. प्रस्तुत लेखात हा शब्द जरा उजेडात धरून पाहावयाचा आहे. तो कोठे वापरतात व कोठे वापरत नाहीत, त्याचे नातलग कोण, पाली वाङ्मयात या अर्थाची कोणती प्रकरणे आहेत, आणि निवासी शाळेशी त्याचा संबंध केवळ अलंकारापुरता आहे की त्याहून अधिक, हे आपण पाहू.

उष्णतेच्या शब्दांची मराठीत वाण नाही. आपल्या जालना जिल्ह्यात तर उन्हाळाच मुळी ते पुरवीत असतो. वैशाखात उकडते, झळा लागतात, अंगाची काहिली होते. चुलीला आच असते, विस्तवाला धग असते, तव्याचा चटका बसतो, दुखऱ्या गुडघ्याला शेक देतात आणि पाणी कोमट, ऊन, कढत अशा पायऱ्यांनी तापते. यांपैकी एकाही ठिकाणी 'ऊब' हा शब्द बसत नाही. मे महिन्याच्या दुपारी अंबडच्या रस्त्याने पायी जाणारा मनुष्य 'ऊब लागते आहे' असे म्हणणार नाही. ऊब कळण्यासाठी आधी थंडी वाजलेली असावी लागते. मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हाच या शब्दाला घराघरांत काम मिळते.

दुसरी गोष्ट अशी की, ऊब दुरून मिळत नाही. ऊन कोसांवरून येते, झळ हातभर अंतरावरून लागते; ऊब मात्र अंगाला अंग लागल्याशिवाय अथवा अंगावर काही पांघरल्याशिवाय येत नाही. आईच्या कुशीची ऊब, कोंबडीच्या पंखाखालची ऊब, गोधडीची ऊब, गोठ्यात एकमेकींना टेकून बसलेल्या शेळ्यांची ऊब. शेकोटीचीही ऊब म्हणतात, परंतु तेथे भोवती दाटीवाटीने बसलेली माणसे त्या अर्थात आपसूक आलेली असतात. एकट्याने पेटविलेल्या जाळापाशी मनुष्य शेकतो, असे म्हणणे अधिक स्वाभाविक वाटते.

स्वयंपाकघरात या शब्दाचा आणखी एक धर्म दिसतो. हिवाळ्यात दही लागत नाही, म्हणून विरजलेल्या भांड्याला जाड फडके गुंडाळून ते उबेला ठेवतात. भिजलेली मटकी फडक्यात बांधून उबेला ठेवली की तिला मोड येतात. कैऱ्या गवताच्या अढीत घालतात, तेथेही काम उबेचेच. या तिन्ही ठिकाणी उष्णता थोडी आहे, वेळ पुष्कळ आहे, आणि वस्तू झाकलेली आहे. मधूनमधून उघडून पाहणाऱ्या उतावळ्या मुलाला आजी रागावते, ते याच कारणाने. मात्र झाकणे अति झाले, ओल राहिली, वारा अजिबात लागला नाही, तर धान्याला आणि कपड्यांना उबट वास येतो. एकाच शब्दाच्या पोटात जिवंत करणे आणि नासविणे असे दोन्ही अर्थ आहेत. वडीलधाऱ्यांच्या अतिदक्ष मायेविषयी बोलताना हा दुसरा अर्थ कोणी वापरीत नाही. तो वापरण्यासारखा आहे.

आता थोडे व्याकरण. उत्तरपत्रिकांत 'ऊबदार' असे दीर्घ ऊकार घालून लिहिलेले वरचेवर दिसते. 'ऊब' हा शब्द एकटा असताना दीर्घ. परंतु प्रत्यय लागताच अथवा त्यापासून दुसरा शब्द घडताच तो ऱ्हस्व होतो. ऊब – उबेला, उबेत, उबदार, उबवणे. ऊस – उसाला, मूल – मुलाला यांच्यासारखीच ही चाल आहे. याच ओळीत 'ऊन' हा शब्द ठेवून पाहावा. ऊन – 'उनात' व्हावयास हवे होते. आपण म्हणतो 'उन्हात'. हा 'ह' आला कोठून? संस्कृत 'उष्ण' पालीत 'उण्ह' झाला आणि त्याचा 'ऊन' होताना शेवटचा 'ह' लोपला. प्रत्यय लागताच मात्र तो 'उन्हात', 'उन्हाळा' यांमधून पुन्हा डोके वर काढतो. ज्यांना पाली ही दूरच्या देशातील परकी भाषा वाटते, त्यांनी एकदा 'उन्हाळा' हा शब्द सावकाश उच्चारून पाहावा. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचे उल्लेख सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत आहेत आणि त्या लेखांची प्राकृत पालीच्या अगदी शेजारची आहे. म्हणजे ही भाषा या मातीला नवी नाही.

'उबग' हा शब्द मात्र उबेचा नातलग समजू नये. तो 'उद्वेग' या शब्दापासून आला. पालीत त्याचेच रूप 'उब्बेग' असे आहे. हिंदीत 'ऊब' म्हणजे कंटाळा, हे आपल्या मुलांना हिंदीच्या तासाला कळते तेव्हा त्यांना मौज वाटते. शेजारच्या दोन भाषांत एकाच उच्चाराने एक मनुष्य पांघरुणात शिरतो आणि दुसरा जांभया देतो. आणखी एक नाते उच्चारशास्त्रातील. श, ष, स यांना आपले वैयाकरण 'ऊष्म' वर्ण म्हणतात, कारण त्यांच्या उच्चारात श्वास घासत बाहेर पडतो. तळहात तोंडासमोर धरून 'हाऽ' असा उच्चार केला तर हाताला ऊब लागते आणि ओठांचा चंबू करून फुंकले तर गार लागते. वर्गात हा प्रयोग केला की पुढची पाच मिनिटे सारा वर्ग फुंकर मारीत बसतो, ही त्यातील एकच अडचण.

'ऊब' पासून घडलेले सर्वांत समर्थ क्रियापद म्हणजे 'उबवणे'. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते आणि एकवीस दिवस बसते. दिवसातून एकदा दाणापाण्यापुरती उठते, चोचीने अंडी फिरविते, पुन्हा बसते. या काळात तिच्या पोटाखालची पिसे विरळ होऊन उघडी कातडी अंड्याला लागते. उबवणी यंत्रात हेच काम साधारण ३७.५ अंश सेल्सिअसवर चालते. तेथेही अंडी फिरवावीच लागतात.

मज्झिम निकायातील चेतोखिल सुत्तात आणि संयुत्त निकायातही तथागतांनी या कोंबडीची उपमा योजली आहे. आठ, दहा किंवा बारा अंडी आहेत. कोंबडी त्यांवर नीट बसली, तिने त्यांना नीट ऊब दिली, ती नीट उबवली, तर 'पिले सुखरूप बाहेर येवोत' अशी इच्छा तिने केली नाही तरी पिले कवच फोडून बाहेर येतात. आणि ती नीट बसली नाही, तर इच्छा कितीही केली तरी काही उपयोग होत नाही, असा त्या उपमेचा आशय आहे. या ठिकाणी उबविण्यासाठी जो पाली शब्द आला आहे तो 'परिभावित'. आणि ध्यानाच्या अभ्यासाला आपण जी 'भावना' म्हणतो, ती याच धातूची. मेत्ता-भावना म्हणजे मैत्रीची कल्पना मनात आणणे एवढेच नसून मैत्री उबविणे होय, असे भाषांतर मी विद्यार्थ्यांना सुचवितो. मराठीतील 'भावना' या शब्दाने तो अर्थ पुष्कळसा गमावला आहे. 'उबवणे' या शब्दाने तो राखला आहे.

आपल्या जिल्ह्यातील रेशीम उत्पादक शेतकऱ्याला या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. २०१८ साली जालना कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात राज्यातील पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली, आणि तेव्हापासून तुतीची लागवड व कीटक संगोपनगृहे आपल्या परिचयाची झाली आहेत. अंडीपुंज सुमारे २५ अंश तापमानाला उबवतात. अळी बाहेर आल्यावर पहिल्या दोन अवस्थांत, म्हणजे ज्याला चॉकी संगोपन म्हणतात त्या काळात, तिला २६ ते २८ अंश ऊब आणि भरपूर दमटपणा लागतो. पाचव्या अवस्थेतील मोठी अळी २३ ते २५ अंशांत सुखाने राहते. तिला उलट हवा खेळती लागते. कोंबडीच्या पिलांचेही तसेच. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली सुमारे ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण तीन-तीन अंशांनी कमी. जो लहान त्याला ऊब अधिक, हा नियम गोठा, खुराडे आणि संगोपनगृह या तिन्ही ठिकाणी पाळला जातो. (कोष तयार झाल्यावर त्याच जिवाला वाफेने मारतात, हेही येथे नोंदविले पाहिजे. ऊब आणि आच यांतील अंतर किती थोडे आहे ते त्यावरून कळते.)

माणसाच्या बाळाची गोष्ट वेगळी नाही. लहान शरीराचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने जास्त असते, म्हणून ते लवकर गार पडते. अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथील रुग्णालयात सुरू झाली. तेथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आज आपल्या सरकारी रुग्णालयांतही ती 'कांगारू मदर केअर' या नावाने शिकवली जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा बाळांसाठी ती जन्मानंतर लगेच सुरू करावी अशी शिफारस केली आहे. उबेचा स्पर्शाशी असलेला संबंध भाषेने आधीच ओळखला होता. वैद्यकाने तो मोजून दाखविला.

पाली परंपरेने तर उबेला जीविताची खूणच मानले आहे. महावेदल्ल सुत्तात महाकोट्ठित प्रश्न विचारतात आणि सारिपुत्त उत्तरे देतात. त्यात आयु, उस्मा आणि विञ्ञाण या तिहींनी देह सोडला म्हणजे तो लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहतो, असे सांगितले आहे. आयु उबेवर अवलंबून आणि ऊब आयुवर; दिव्याची ज्योत आणि तिचा प्रकाश यांसारखे ते नाते. राहुलाला केलेल्या उपदेशात तथागत शरीरातील तेजोधातू समजावून सांगतात. ज्याने देह उबदार राहतो, ज्याने तो झिजून जीर्ण होतो, ज्याने खाल्लेले पचते, ते सारे तेज. या उपदेशाचा पहिला श्रोता एक लहान श्रामणेर होता, हे निवासी शाळेतल्या मुलांना आवडण्यासारखे आहे.

एक शंका कोणी घेईल. बुद्धवचनात राग, द्वेष आणि मोह यांना अग्नी म्हटले आहे, निब्बाण म्हणजे त्या अग्नीचे शमन, आणि मुक्त पुरुषाला 'सीतिभूत', म्हणजे शीतल झालेला, असे विशेषण आहे. मग उबेचे कौतुक कशासाठी? पण ऊब आणि आग या दोन गोष्टी भाषेनेच वेगळ्या ठेवल्या आहेत. आगीला सरपण लागते. ती दुसऱ्याला जाळून वाढते. ऊब कोणालाही जाळीत नाही. शिवाय साधकाला आवश्यक असलेल्या उत्साहासाठीही पालीत 'आतापी' हा उष्णतेचाच शब्द आहे, तो सतिपट्ठानाच्या अभ्यासकांना परिचित आहे. शीतलता मनाच्या दाहावर आहे. कुडकुडणाऱ्या देहाला शीतलतेचा उपदेश करावा, असे विनयात कोठेही सुचविलेले नाही. तेथे जे आहे ते नेमके याच्या उलट आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे.

महावग्गातील चीवरखंधकात ही हकीकत येते. राजगृहाहून वैशालीकडे जाताना तथागतांना वाटेत अनेक भिक्खू दिसले. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेला चीवरांचे गाठोडे. हे लोक फार लवकर संग्रहाच्या नादी लागले, आता वस्त्रांना मर्यादा घातली पाहिजे, असे त्यांच्या मनात आले. नियम त्याच क्षणी करता आला असता. त्यांनी तो केला नाही. वैशालीत गोतमक चैत्यात ते उतरले होते. माघाचा शेवट आणि फाल्गुनाचा आरंभ यांमधल्या आठ रात्री त्या प्रदेशात सर्वांत कडाक्याच्या समजल्या जात. अशा हिमाच्या रात्री ते उघड्यावर एकच चीवर घेऊन बसले. पहिला प्रहर संपेपर्यंत थंडी वाजली नाही. मग वाजू लागली, तेव्हा दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरताना तिसरे घेतले. शेवटचा प्रहर सरून अरुणोदय होताना चौथे घ्यावे लागले. त्यानंतर त्यांनी विचार केला तो असा : या धम्मात प्रव्रजित झालेल्या कुलपुत्रांपैकी जे थंडीला भिणारे आहेत, त्यांनाही तीन चीवरांवर निभावून नेता येईल. आणि तीन चीवरांची अनुज्ञा दिली : दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग, एकेरी अंतरवासक.

या हकीकतीत तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. नियम करणाऱ्याने थंडी स्वतःच्या अंगावर मोजली. दुसरे, रात्रीला लागलेली वस्त्रे चार होती आणि नियम तीनांचा झाला, तरी हिशेब चुकला नाही. कारण संघाटी दुहेरी केली. कापडाचे पदर मोजले तर चारच भरतात. हे गणित मला प्रत्येक वेळी नव्याने आवडते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माप धरले ते धडधाकट, थंडी सोसणाऱ्या भिक्खूचे नव्हे. मूळ पालीत 'सीतालुका' असा शब्द आहे. ज्याला थंडी लवकर बाधते तो. त्याला पुरेल ते सर्वांना पुरेल, हे उघड आहे. उलट बाजूने हिशेब मांडला तर तो नेहमी चुकतो.

त्याच विनयात अंग शेकण्यासाठी जाळ पेटवू नये असाही एक नियम आहे. हिवाळ्यात भिक्खूंनी मोठा पोकळ ओंडका पेटविला, आतून काळा साप निघाला आणि त्याने सर्वांची पळापळ केली, अशी त्यामागची कथा. पण नियमाला लगेच अपवाद जोडला आहे : आजारी असेल त्याने शेकण्यास हरकत नाही. पुढे जीवक वैद्याच्या सूचनेवरून 'जंताघर', म्हणजे अंग शेकून घाम काढण्याची उष्ण खोली, हिलाही परवानगी मिळाली. नियम कडक, अपवाद उदार, आणि अपवादाचे कारण सदैव कोणाचे तरी शरीर.

भिक्खूंच्या वस्त्रांविषयी बोलताना 'पंसुकूल' हा शब्द टाळता येत नाही. उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून शिवलेले चीवर, असा त्याचा अर्थ. आपल्या समाजात या शब्दाचा उच्चार करताना एक फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो. भिक्खूने ती चिंधी निवडली होती. नको असेल तर, जीवकाच्याच विनंतीनंतर, गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्याची त्याला मोकळीक होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात मात्र चांडाळांची वस्त्रे प्रेतांची असावीत, असे विधान आहे. आपल्या गावगाड्यात महारकीच्या चालीरीतींत प्रेतावरचे कापड घेणे हा चक्क 'हक्क' समजला जाई. निवडलेली चिंधी आणि लादलेली चिंधी यांचे धागे सारखे असतील; त्यांची ऊब सारखी नसते. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळण्यात आला. त्या परिषदेनंतर स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा विषय काढला, आणि अंगावरच्या कपड्यांतून व दागिन्यांतून पटणारी अस्पृश्यतेची ओळख पुसून टाकण्यास सांगितले. वस्त्राचा प्रश्न त्यांनी किरकोळ मानला नव्हता.

आणि 'ऊब' हा शब्द तर स्पर्शाचा. ज्यांच्या स्पर्शाला विटाळ म्हटले गेले, त्यांना हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या केवळ आपल्याच घरात, आपल्याच गोधडीत वापरता आला. शाळेत गोणपाटाचा तुकडा घरून नेऊन वेगळे बसावे लागणाऱ्या मुलाला शेजारच्या मुलाच्या खांद्याची ऊब ठाऊक नसे. वसतिगृह ही कल्पना या दृष्टीने पाहावी. बहिष्कृत हितकारिणी सभेने स्थापनेनंतर वर्षभराच्या आत, १९२५ साली, सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले, तेच आपले मिलिंद. मराठवाड्याच्या खेड्यांतून, आपल्या जिल्ह्यातील गावांतूनही, वळकटी घेऊन मुले तेथे पोहोचली आणि पहिल्यांदाच एका ओळीत अंथरुणे टाकून झोपली.

म्हणूनच 'मायेची ऊब' हा शब्दप्रयोग लिहिताना हात थोडा आवरावा असे मला वाटते. तो खोटा आहे असे नाही. पण तो फार वेळा पांघरुणाच्या जागी वापरला जातो. दारिद्र्यातील उबेची वर्णने आपल्या साहित्यात पुष्कळ आहेत. एका वाकळेत पाच भावंडे झोपत आणि कशी छान ऊब येई, वगैरे. येई, यात शंका नाही. ती पाच जणांना एकच वाकळ होती म्हणून येई, हेही लिहावे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात बाबासाहेबांनी धर्माच्या कसोट्या सांगताना धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, हीही एक कसोटी सांगितली आहे. वृत्तपत्रांत अलीकडे 'उबदार स्वागत' दिसते. ते इंग्रजीवरून आलेले असावे, कारण मराठीत स्वागत मनापासूनचे असते आणि पांघरूण उबदार असते. 'सत्तेच्या उबेला गेलेला' हा प्रयोग मात्र अस्सल आहे. मांजर चुलीपाशी जाते, तसे जाणे त्यात नेमके आले आहे.

शेवटी आपल्या वसतिगृहाकडे. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, हे सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ज्ञान. कापडाच्या दोन पदरांमध्ये हवा अडकते, आणि मुलाच्या अंगातून निघणारी उष्णता बाहेर निसटू देत नाही. ऊब मुलाचीच असते. पांघरूण ती राखते. पदर जितके जास्त, तितकी अडकलेली हवा जास्त. पाचवीत आलेले दहा वर्षांचे मूल आणि दहावीतले पंधरा वर्षांचे मूल यांना एकाच जाडीची एकेक चादर वाटणे कागदावर समानतेचे दिसते. पण लहान्याचे अंग लवकर गार पडते, आणि ते रात्री उठून मागत नाही. पाय पोटाशी घेऊन निजते. प्रत्येक तुकडीत एखादा 'सीतालुक' असतो. गृहपालांना तो नावानिशी ठाऊक असावा.

प्रवेश जूनमध्ये होतात. त्या उकाड्यात पेटी भरताना पालकांच्या मनात हिवाळा येत नाही. सतरंजी आणि एक चादर एवढ्यावर काम भागते. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी येते, ती वेळ सोयीची आहे. नवी रजई घेणे सर्वांना परवडत नाही, आणि गरजही नाही. घरातली जुनी लुगडी, पातळे, धोतरे धुऊन, एकावर एक अंथरून धावदोरा घातला की गोधडी होते. किती पदर घालावेत याविषयी विनयात उत्तर सापडते. तीन चीवरांच्या अनुज्ञेनंतर लगेच पुढे कापडाच्या प्रतीचा विचार आला आहे. नव्या कापडाची संघाटी दुहेरी. वापरून झिजलेल्या कापडाची चौपदरी. आणि चिंध्यांची असेल तर लागतील तितक्या पदरांची.